लाल जंतू, नग एक

आश्रुबा धबाले दिल्लीहून डॉक्टरेट घेऊन परभणीला परतला, तेव्हा त्याच्या आईला एवढंच कळलं की पोरगा डॉक्टर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारातल्या ओट्यावर चार बायका, एक खोकणारा म्हातारा आणि पाय मुरगळलेला एक पैलवान येऊन बसले. आपण त्यातले डॉक्टर नाही, हे आश्रुबाने सगळ्यांना हात जोडून सांगितलं.

"मग कशातले?" पैलवानाने विचारलं.

आश्रुबा खरं बोलणारा माणूस. तो म्हणाला, "खेकड्याच्या पाठीवरचं कवच असतं ना, ते ज्या रसानं विरघळतं, त्या रसातला."

पैलवानाने एकदा त्याच्याकडे आणि एकदा आपल्या पायाकडे बघितलं. मग तो लंगडत लंगडत सरकारी दवाखान्याकडे निघून गेला.

हे १९७३ सालचं. दुष्काळातून जिल्हा नुकता डोकं वर काढत होता. आश्रुबाला परभणीच्या कीटक व मृदा संशोधन केंद्रात नोकरी लागली. केंद्र म्हणजे एका जुन्या जिनिंगच्या गोदामातल्या तीन खोल्या. एका खोलीत केंद्रप्रमुख दिनकरराव, दुसरीत कपाटं आणि तिसरीत आश्रुबा, दोन स्टुलं, एक सूक्ष्मदर्शक आणि मुंजाजी नावाचा शिपाई. दिनकररावांना विज्ञान आवडायचं, पण विज्ञानाचं उद्घाटन त्याहून जास्त आवडायचं. आश्रुबा रुजू झाला त्या दिवशी त्यांनी त्याच्या स्टुलाचंही नारळ फोडून उद्घाटन केलं.

"धबाले, तुमचा विषय मला दोन वाक्यांत सांगा. कुणी विचारलं तर मला बोलता आलं पाहिजे."

आश्रुबाने सांगितलं. खेकड्याचं कवच, टोळाचे पंख, भुंग्याची पाठ हे सगळं कायटिन नावाच्या एकाच चिवट पदार्थाचं असतं. कापसाच्या बोंडअळीच्या आतड्यालासुद्धा त्याचंच अस्तर असतं. मातीतले काही जंतू एक विकर तयार करतात. ते या कायटिनचे बारीक बारीक तुकडे करतं. असं जोरदार विकर सोडणारा जंतू शोधायचा. त्याचा रस अळीच्या पोटात गेला, तर अळीचं आतडं आतूनच फाटेल.

"ही सहा वाक्यं झाली," दिनकरराव म्हणाले.

कामाला आधी टरफलं हवी होती. खेकड्याची टरफलं वाळवून, कुटून, आम्लात मुरवून त्याचं दुधासारखं पांढरं पाणी करायचं आणि ते जंतूंना खायला घालायचं, अशी रीत होती. परभणीत टरफलं कुठे मिळणार, या विचारात आश्रुबा आठवडाभर होता. शेवटी मुंजाजीच म्हणाला, "साहेब, निस्ती टरफलंच पायजेत ना? आमची मावशी हाय धामणटाकळीला, गंगेवर. तिचा धंदाच खेकड्याचा हाय."

रविवारी दोघं पॅसेंजरने गंगाखेडला उतरले आणि तिथून तासभर चालत धामणटाकळीला पोचले. मुंजाजीची मावशी धुरपताबाई गोदावरीच्या घाटावर वाळूच्या गाड्या भरणाऱ्या माणसांना खेकड्याचा रस्सा आणि भाकरी करून घालायची. चुलीपुढून न उठताच तिने विचारलं, "किती देऊ?"

"खेकडे नकोत, मावशी. टरफलं पाहिजेत."

"शिजवायला?"

"नाही. अभ्यासाला."

धुरपताबाईने भाच्याकडे बघितलं. "मुंज्या, साहेब बरे हायत ना?"

"लय शिकलेले हायत," मुंजाजीने खुलासा केला.

"तरीच." तिने उलथन्याने घरामागे खूण केली. "मागं खड्डा हाय. तीस वर्सं झाली, त्यातच टाकायलेय. घ्या काय घ्यायचंय ते."

आश्रुबा मागे गेला. खड्डा गुडघाभर खोल, बैलगाडीएवढा रुंद. वर चार-आठ दिवसांची टरफलं पडलेली आणि खाली नुसती काळी, भुसभुशीत माती. तो परत पुढे आला.

"मावशी, बाकीची कुठं टाकलीत?"

"कुठं म्हंजी? तिथंच."

"तिथं तर नाहीत."

"जिरली असतील."

"तीस वर्षांची?"

"माझ्या आधी सासू टाकायची, ती तर सोडूनच द्या. खड्डा भरतच न्हाई बघा. भरला असता तर दुसरा खांदला नसता का?"

 आश्रुबा परत मागे गेला आणि खड्ड्याच्या काठावर बसला. दिल्लीत असताना हिमालयाच्या पायथ्यापासून केरळच्या बंदरापर्यंतची माती मागवून तो तीन वर्षं टरफलं फस्त करणारा असा जंतू शोधत राहिला होता. आणि इथे, त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात, दोन पिढ्यांचे खेकडे गिळून एक खड्डा ढेकर न देता बसला होता. त्याने एक बरणी भरून माती घेतली, पोतंभर टरफलं घेतली आणि धुरपताबाईच्या पायाला हात लावला. ती घाईघाईने मागे सरली. "अवो, हे काय करायलाव! खड्ड्याच्या पाया पडा, माझ्या कशाला?"

परतीच्या गाडीत ते पोतं असं काही घमघमलं की पुढच्या स्टेशनापर्यंत डबा रिकामा झाला. तिकीट तपासनीस दारातूनच नाकाला रुमाल लावून ओरडला, "काय आहे ते?"

"संशोधन!" मुंजाजी अभिमानाने म्हणाला.

टरफलांच्या पांढऱ्या थरावर खड्ड्यातली माती शिंपडली, त्याच्या पाचव्या दिवशी सकाळी आश्रुबाने काचेची ताटली उजेडात धरली. पांढुरक्या थरावर कुंकवाच्या टिकल्यांसारखे लालभडक ठिपके उठले होते आणि प्रत्येक ठिपक्याभोवतीचं कायटिन खाऊन टाकल्यामुळे स्वच्छ, पारदर्शक गोल पडला होता. दिल्लीत त्याने पाहिलेला सगळ्यात मोठा गोल ज्वारीच्या दाण्याएवढा होता. हे गोल जुन्या आठ आण्यांच्या अधेलीएवढे होते. संध्याकाळी त्याने बायकोला मुद्दाम केंद्रात बोलावलं. पंचफुला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. तिने ताटली दोन्ही बाजूंनी नीट पाहिली.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "चावतं का?"

"कायटिनला."

"मग ठीक आहे."

अडचण नंतर निघाली. केंद्रात जी वस्तू येईल ती रजिस्टरला चढलीच पाहिजे, असा नियम होता. रजिस्टरं दोनच. एक वापरून संपणाऱ्या वस्तूंचं. त्यात चढवलं तर मार्चअखेर जंतू संपवून दाखवावे लागले असते. म्हणून राहिलं दुसरं, डेड स्टॉकचं. "पण साहेब, ते जिवंत आहेत," आश्रुबा म्हणाला. दिनकरराव म्हणाले, "धबाले, भावनेच्या भरात जाऊ नका." तेव्हा डेड स्टॉक रजिस्टरमध्ये 'टेबल, लाकडी' आणि 'घंटा, पितळी' यांच्यामधल्या ओळीत नोंद झाली. नग किती, या रकान्यापाशी कारकून अडला. आश्रुबाने अंदाज सांगितला, एका ताटलीत काही अब्ज. रकान्यात एवढी जागा नव्हती. कारकुनाने लिहिलं: लाल जंतू, नग एक.

पुढच्या उन्हाळ्यात जंतू पांढरे झाले.

मे महिना. पत्र्याच्या छपराखाली चव्वेचाळीस अंश. त्यात वीज जायची ती दोन दोन दिवस यायची नाही. एका सकाळी आश्रुबाने ताटल्या काढल्या तर लाल ठिपक्यांच्या जागी फिकट, पांढरे ठिपके. त्याला धक्का बसला नाही. हा जंतू उष्णतेत वाढतो, पण रंग धरत नाही, हे त्याने वाचलं होतं. नेमकं त्याच दिवशी वरच्या ऑफिसातून वार्षिक तपासणी आली. तपासणी अधिकारी बन्सीधरराव. टेबल मोजलं, घंटा वाजवून पाहिली, आणि मधल्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "लाल जंतू?"

आश्रुबाने ताटली पुढे केली.

"हे पांढरे आहेत."

"तेच आहेत, साहेब. उन्हामुळे रंग गेला."

"रजिस्टरला लाल आहेत."

"जंतू तोच आहे, फक्त लाल नाही."

"म्हणजे लाल होता तो गेला आणि त्या जागी पांढरा आला. बरोबर?" बन्सीधररावांनी चष्मा काढला. "लाल कुणाला दिलात?"

तो रेल्वेच्या संपाचा उन्हाळा होता. 'लाल' या शब्दाकडे वरच्या ऑफिसचं तसंही बारीक लक्ष होतं. त्यामुळे साधी तपासणी पाहता पाहता चौकशी झाली. तीन माणसांची समिती नेमली गेली आणि आश्रुबाला नोटीस मिळाली: शासकीय लाल जंतू आठ दिवसांच्या आत मूळ रंगात हजर करावेत.

जिल्ह्यात त्या आठवड्यात थंड जागा म्हणून उरली नव्हती. केंद्राला फ्रीज नव्हता. विहिरींचे तळ दिसायला लागले होते. आश्रुबा घरी येऊन भिंतीला टेकून बसला. पंचफुला वह्या तपासत होती. तिने मान वर न करताच विचारलं, "त्याला गार किती लागतं?"

"पंचवीस-सव्वीस अंश."

"रांजणात बघा ना."

कडुनिंबाखाली वाळूत अर्धे पुरलेले, ओलं गोणपाट गुंडाळलेले दोन रांजण होते. आश्रुबाने एकात थर्मामीटर सोडला. सव्वीस. त्याने जंतू परीक्षानळ्यांत घेतले, कापसाचे बोळे आणि मेण लावून नळ्यांची तोंडं बंद केली आणि सुतळीने त्या रांजणात लोंबत सोडल्या. तिसऱ्या दिवशी नळ्यांतल्या जंतूंच्या रेघा गुलाबी झाल्या, सहाव्या दिवशी लालभडक.

आठव्या दिवशी दुपारी दोन वाजता समिती घरी आली. बन्सीधरराव यापूर्वी दोनदा आश्रुबाच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत आले होते. दोन्ही वेळा पंचफुलाने पाणी पुढे केलं, तेव्हा "आत्ताच घेऊन निघालो" असं म्हणाले होते. आज मात्र ते घामाने निथळत होते आणि ओठ कोरडे पडले होते. कुणी विचारण्याची वाट न बघता ते सरळ निंबाखाली गेले, रांजणावरचं झाकण सारलं आणि ओगराळं आत घातलं.

"साहेब!" पंचफुला ओरडली. "त्यात सरकारी जंतू आहेत!"

ओगराळं ओठापासून चार बोटांवर थांबलं. बन्सीधररावांनी पाण्यात डोकावून पाहिलं. सुतळीला लटकलेल्या नळ्या आणि नळ्यांत लाल रेघा.

"मग तुम्ही कुठलं पिता?" त्यांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"हा दुसरा आहे की आमचा."

त्या दुसऱ्या रांजणातलं पाणी बन्सीधरराव तीन तांबे प्याले. बाजेवर बसून त्यांनी जरा वेळ डोळे मिटले आणि मग शेरा लिहिला: 'लाल जंतू समक्ष पाहिले. रंग समाधानकारक.' जाताना त्यांनी आणखी एक तांब्या मागितला. मात्र सरकारी वस्तू खाजगी रांजणात ठेवता येत नाही, असा दुसरा शेराही त्यांना लिहावाच लागला. दुसऱ्या दिवशी चार माणसं येऊन पहिला रांजण उपसून केंद्रात घेऊन गेली आणि त्याच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला अडकवला. पंचफुलाने पाच दिवस नोटीस पाठवण्याची धमकी दिली, तेव्हा तिला नवा रांजण मिळाला.

या प्रकरणाने एक झालं. दिनकररावांना कळलं की आपल्या केंद्रात काहीतरी आहे. नेमकं काय, ते त्यांनी मुंजाजीला विचारलं आणि मुंजाजीने आपल्या परीने सांगितलं, "साहेब, त्यात खेकडा इरघळतो." शहात्तरच्या जानेवारीत एका उपमंत्र्यांचा दौरा ठरला, तेव्हा दिनकररावांनी आश्रुबाला बोलावून घेतलं.

"धामणटाकळीच्या घाटावर मांडव टाकू. पाहुण्यांसमोर खेकडा विरघळवायचा. दहा मिनिटांत."

"साहेब, जिवंत खेकडा विरघळत नाही. कुटलेल्या टरफलालासुद्धा दिवसच्या दिवस लागतात."

"ते शास्त्र झालं, धबाले. मी कार्यक्रमाबद्दल बोलतोय."

"होणारच नाही, साहेब."

दिनकररावांनी आवाज खाली आणला. "हे बघा, काचेची मोठी बरणी. आत खेकडा. वरून तुम्ही रस ओतायचा. मग बरणीवर मखमली कापड. पाहुण्यांचं भाषण संपलं की कापड मी काढणार. तोपर्यंत बरणीत काय व्हायचं ते होईल."

"म्हणजे खेकडा कुणीतरी काढून घेणार?"

"असं मी म्हणालो का?" दिनकरराव दुखावले.

आश्रुबा घरी आला तो जेवलाच नाही. पंचफुलाने कारण काढून घेतलं. "तुम्हाला बोलायला माइक देणारेत का?" तिने विचारलं. देणार होते. "मग झालं की. खरं ते सांगून टाका आणि खाली बसा."

त्याप्रमाणे आश्रुबाने मनाशी पक्कं केलं. कार्यक्रमाला आठ गावांची माणसं लोटली होती. पुढच्या रांगेत नवं लुगडं नेसून धुरपताबाई बसली होती, कारण खेकडा तिने दिला होता, आणि तोही लेचापेचा नव्हे, ताटाएवढा. आश्रुबाने बरणीत रस ओतला, माइकपुढे उभा राहिला आणि स्पष्ट शब्दांत म्हणाला, "बंधुभगिनींनो, हा खेकडा विरघळणार नाही."

माइकने मध्येच शिट्टी मारली. लोकांना 'हा खेकडा विरघळणार' एवढंच ऐकू आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. आश्रुबा पुन्हा म्हणाला, "नाही!" माइक पुन्हा किंचाळला आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. दिनकररावांनी त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

उपमंत्री बोलायला उठले. त्यांचं दुष्काळावरचं बोलणं रंगात आलं असताना मुंजाजी ठरल्याप्रमाणे मेजामागे रांगत गेला आणि त्याने कापडाखाली हात घालून बरणीचं झाकण उचललं. पुढचं काम त्याला करावं लागलं नाही. खेकडा आपला आपणच बाहेर आला. मखमलीखालून आधी एक नांगी निघाली, मग दुसरी, आणि मग अख्खा खेकडा अंगातून रस गाळत मेजाच्या कडेवरून धप्पकन व्यासपीठावर पडला. तो तिरका तिरका थेट पाहुण्यांच्या रोखाने निघाला. दिनकररावांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. उपमंत्री बोलता बोलता मेजावर चढले, पण वाक्य त्यांनी तोडलं नाही.

धुरपताबाई पदर खोचून वर आली, मागून जाऊन तिने खेकड्याला पाठीवर धरलं आणि उचललं. त्याचे दहाही पाय हवेत चालत होते.

"याला काय झालंय, बाई?" मेजावरून उपमंत्र्यांनी विचारलं.

"काय व्हायचंय? ठणठणीत हाय." तिने खेकडा उलटा करून पाहिला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "काल धरला तवा मरगळल्यागत होता. आज लय तेज दिसायलाय."

उपमंत्री अनुभवी माणूस होते. एक क्षण त्यांनी विचार केला आणि माइक हातात घेतला. "ऐकलंत? काल मरगळलेला होता, आज तेज आहे! हे आपल्या मातीतलं संशोधन! दुष्काळानं शेतकऱ्यांचे बैल खंगले आहेत. मी आज या ठिकाणी जाहीर करतो की हा रस प्रत्येक बैलाला मिळाला पाहिजे!"

आश्रुबा उठून उभा राहिला. त्याने तोंड उघडलं आणि त्याच क्षणी बँड सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी केंद्रासमोर त्रेचाळीस बैलजोड्या उभ्या होत्या. जिंतूरकडून, सेलूकडून माणसं दोन दोन दिवस चालत आली होती. आश्रुबा एकेका माणसापुढे गेला आणि घसा बसेपर्यंत सांगत राहिला की बैलाच्या अंगात कायटिन नसतं, त्यामुळे या रसाचा बैलाला काडीचा उपयोग नाही. नागनाथ नावाचा जिंतूरकडचा एक म्हातारा सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "नुकसान तर न्हाई ना?"

"नुकसान नाही, पण उपयोगही नाही, बाबा."

"मग द्या की. मोकळ्या हातानं कसं जावं?"

"खोटं औषध मी देणार नाही."

"न्हाई तर न्हाई. आमी बसतो." आणि सगळे बसले. दोन दिवस बसले. फोटोग्राफर येणार म्हणून दिनकररावांनी कडबा आणि सरकी मागवली होती. ती बैलांनी खाल्ली. निंबाच्या सावलीत पाय पसरून रवंथ केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या जनावरांना सलग दोन दिवस जू लागलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बैल उठले ते शेपट्या उडवतच. नागनाथने आपल्या बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि तो आश्रुबाच्या कानाशी येऊन बोलला, "समजलं साहेब. पाजायची गरजच न्हाई. नुस्त्या वाऱ्यानं लागू पडायलंय." त्रेचाळीस जोड्या समाधानाने घरी गेल्या. आश्रुबा पायरीवर बसून राहिला. आपण एकही शब्द खोटा बोललो नाही आणि तरी सगळा जिल्हा खोट्यावर विश्वास ठेवून बसला, हे त्याच्या काही केल्या पचनी पडेना.

चार महिन्यांनी हुकूम आला. त्याला पदोन्नती मिळाली होती. पद होतं: खेकडा विकास विशेष अधिकारी, समुद्र नसलेले जिल्हे.

"नकार देतो मी," आश्रुबा म्हणाला. "खेकडा वाढवणं माझा विषय नाही. मी तर त्याचं कवच—"

पंचफुला हुकूम शेवटच्या पानापर्यंत वाचत होती. "हे बघितलंत का? सोबत साहित्याची यादी आहे. फ्रीज एक. आणि हे काय, थंड करून गरगर फिरवणारं यंत्र?"

आश्रुबाने कागद ओढून घेतला. हेच यंत्र त्याने विकरासाठी तीनदा मागितलं होतं आणि तिन्ही वेळा 'विषय स्पष्ट होत नाही' म्हणून अर्ज परत आला होता. खेकड्याच्या नावावर ते पहिल्या फटक्यात मंजूर झालं होतं.

"नाव कुणाचं आहे ते बघू नका," पंचफुला म्हणाली. "गार होतं का, ते बघा."

त्याने पद घेतलं, पण स्वतःशी एक अट ठेवून. अहवालात खोटं लिहायचं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला त्याने वर लिहून पाठवलं: 'या महिन्यात खेकड्यांचा कोणताही विकास झालेला नाही. कायटिन विघटित करणाऱ्या विकराच्या शुद्धीकरणाचे काम चालू आहे.' दर महिन्याच्या वीस तारखेला छापील उत्तर यायचं: 'प्रगती समाधानकारक. कार्य असेच चालू ठेवावे.' असं साडेतीन वर्षं चाललं. एका महिन्यात चिडून त्याने लिहिलं, 'केंद्रात एकही खेकडा नाही.' त्यावर उत्तर आलं, 'अभिनंदन.'

या साडेतीन वर्षांत त्याने खरं काम केलं. घागरी घागरी रस गाळायचा, त्यातला नको तो भाग काढून टाकायचा, उरलेला पुन्हा गाळायचा. वीज गेली की अख्खं आठवड्याचं काम नासायचं आणि तो गंगाखेडच्या गाडीत बसायचा. धुरपताबाई त्याच्यापुढे रस्सा-भाकरी ठेवायची आणि विचारायची, "मेले का पुन्हा?" तो मान हलवायचा. ती म्हणायची, "खावा आधी. खड्डा कुठं पळून चाललाय?" मग तो जेवायचा आणि बरणी भरून माती घेऊन परत यायचा.

एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात नळीच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी उरली. शुद्ध विकर. त्याने ती पाण्यात मिसळून कापसाच्या कोवळ्या बोंडांना लावली आणि पन्नास बोंडअळ्या त्यांवर सोडल्या. शेजारी साध्या पाण्यात बुडवलेल्या बोंडांवर आणखी पन्नास. महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्याने दोन्ही खोकी उघडून मोजदाद केली. साध्या पाण्याच्या खोक्यात चार मेल्या होत्या. विकराच्या खोक्यात सदतीस.

त्याने तीनदा मोजलं. मुंजाजीला मोजायला लावलं. मुंजाजीच्याही सदतीसच भरल्या. मग तो धावतच बाहेर आला.

त्याच दुपारी दिनकरराव निवृत्त होत होते. समोर मांडव होता, गळ्यात पाच-सहा हार होते आणि कुणीतरी त्यांच्या कार्याबद्दल बोलत होतं. आश्रुबा मागच्या बाजूने त्यांच्या खुर्चीपाशी गेला आणि खाली वाकला.

"साहेब, सदतीस मेल्या. पन्नासातल्या सदतीस."

दिनकररावांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. साडेसहा वर्षांत हा माणूस आपणहून त्यांच्या खुर्चीपाशी कधी आला नव्हता. भाषण चालू असतानाच ते उठले आणि हारांसकट त्याच्या मागोमाग तिसऱ्या खोलीत आले. आश्रुबाने सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या अळीचं आतडं लावून दिलं. दिनकररावांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"ही भोकं पडलीत ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हो, साहेब. अस्तर फाटलंय."

"खरंच फाटलंय हो." ते सरळ झाले. "उद्घाटनाशिवायच झालं की हे, धबाले."

"हो, साहेब."

"एका एकराला किती लागेल?"

आश्रुबाने हिशेब आधीच केलेला होता. "आज ज्या गतीनं काढतोय त्या गतीनं, एका एकरापुरतं काढायला एकशे दहा वर्षं लागतील."

दिनकररावांना हसू आलं. मग आश्रुबालाही आलं आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मुंजाजीही हसला, काय झालं ते न कळता. हसू ओसरल्यावर दिनकररावांनी स्टूल ओढून घेतलं, हार मांडीवर गोळा केले आणि म्हणाले, "आता मला पहिल्यापासून सांगा. सहा वाक्यं झाली तरी चालतील. साठ झाली तरी चालतील."

आश्रुबाने पहिल्यापासून सांगितलं. दिनकररावांनी मध्ये मध्ये प्रश्न विचारले, आणि त्यातले दोन-तीन प्रश्न असे निघाले की आश्रुबाला उत्तरासाठी थांबावं लागलं. बाहेर सत्कारमूर्ती हरवल्याची कुजबुज सुरू झाली होती. शेवटी दोन माणसं आत आली आणि दिनकररावांना दंडाला धरून घेऊन गेली. दारातून त्यांनी मागे वळून विचारलं, "उरलेल्या तेरा का नाही मेल्या?"

"माहीत नाही, साहेब. ते शोधायचंय."

खोली शांत झाली. आश्रुबाने खोक्यात डोकावून पाहिलं. तेरा अळ्या बोंडांच्या उरल्यासुरल्या सालपटांवरून फिरत होत्या. त्यांना सकाळपासून खायला काही मिळालेलं नव्हतं. त्याने मुंजाजीला झाकण नीट लावायला सांगितलं, पिशवी घेतली आणि ताजी बोंडं तोडून आणायला तो मागच्या शेताकडे निघाला.